दोन ग्रॅमची चादर: पाण्यावरच्या सगळ्यात पातळ थराची गोष्ट



आज एका हिशोबापासून सुरुवात करू. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला तरी चालेल.

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालात की वाटेत आमची तामलवाडी लागते. धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेततळी दिसतात, काळा किंवा निळा कागद अंथरलेली. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि त्यांची संख्या आणखी वाढली. समजा एक शेततळं ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. आता एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी हवेत उडतंय असं धरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी हा आकडा अजिबात फुगवलेला नाही. ९०० गुणिले ०.००८, म्हणजे ७.२ घनमीटर. म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर!

हे पाणी पिकाला मिळालं नाही आणि कागदामुळे जमिनीतही मुरलं नाही. एका दिवसात टँकरभर पाणी गेलं आणि कुणी चोरलंही नाही.

आता दुसरा आकडा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय ना? 'जलदूत'. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, साधारण ५ लाख लिटर पाणी. देशभरातले कॅमेरे ते पाणी बघायला आले होते. आपलं हे एक शेततळं तेवढं पाणी ७० दिवसांत गुपचूप आभाळाला देऊन टाकतं.

तिसरा आकडा आजच्या गोष्टीचा नायक आहे. सिटाइल अल्कोहोल नावाचा एक पांढरा, मेणासारखा पदार्थ असतो. क्रीम आणि हेअर कंडिशनरमध्ये तो सर्रास वापरतात. नावात अल्कोहोल असलं तरी प्यायचं काम नाही! त्याचा एक रेणू पाण्यावर उभा राहिला की साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. एका ग्रॅममध्ये असे किती रेणू, याचा गुणाकार केला तर एक ग्रॅम पदार्थ जवळजवळ ५०० चौरस मीटर पाणी झाकतो. म्हणजे आपलं अख्खं शेततळं झाकायला कागदावर लागतात फक्त २ ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा.

आणि प्रयोगशाळेत असा थर बाष्पीभवन निम्म्याहून जास्त कमी करू शकतो. ही अफवा नाही, मोजलेली गोष्ट आहे.

मग प्रश्न सरळ आहे. अर्ध्या चमच्यात तळं झाकतं, तर आपण हे का करत नाही? उजनी दर उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये गेल्याच्या बातम्या आपण का वाचतो? आणि जवळपास दर दुष्काळात कुणीतरी 'धरणावर केमिकल टाका, पाणी वाचवा' असं म्हणतं, त्यात खरं किती?

उत्तरासाठी अडीचशे वर्षांचा इतिहास बघायला लागेल. सोबत तीन क्रियापदं लक्षात ठेवा: पसरणं, अडवणं आणि टिकणं. पाण्यावरच्या थराला ही तिन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. आजच्या गोष्टीतलं प्रत्येक पात्र यातल्या कुठल्या ना कुठल्या कामात पास होतं आणि दुसऱ्या कामात आपटतं.

पसरणं: चमचाभर तेल आणि २० गुंठे तळं

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन, तेच पतंग आणि विजेवाले, लंडनमध्ये राहत असताना क्लॅपहॅम नावाच्या भागातल्या एका तळ्यावर गेले. वारा होता, लाटा उठत होत्या. त्यांनी चमचाभर तेल पाण्यावर ओतलं. ते पसरत पसरत गेलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. आपल्या भाषेत २० गुंठे. हा प्रयोग १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

गंमत म्हणजे फ्रँकलिन यांनी एक साधा भागाकार केला नाही. चमचा ५ मिलिलिटरचा धरा, अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. भागा. थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर. म्हणजे एका रेणूच्या उंचीइतकी! रेणू किती मोठा असतो हे जगाला कळायच्या कितीतरी आधी त्याचं माप त्या तळ्यावर पसरलेलं होतं.

ही मोजणी नीट केली लॉर्ड रॅले यांनी, १८९० मध्ये. त्यांचं साधन ऐकून मजा वाटेल: कापूर. आपण लहानपणी ताटलीतल्या पाण्यावर कापराचा तुकडा टाकून त्याला गरगर नाचवायचो, तोच खेळ. पाण्यावर तेलाचा पुरेसा थर आला की कापूर नाचायचा थांबतो. रॅले यांनी मोठ्या भांड्यात पाणी घेतलं, ऑलिव्हचं तेल तोलून तोलून टाकलं आणि कापूर नेमका किती तेलाला थांबतो ते पाहिलं. जाडी निघाली साधारण १.६ नॅनोमीटर.

पण मला या भागातली सगळ्यात भारी व्यक्ती वाटते ती आग्नेस पॉकेल्स. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातली मुलगी. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता, त्यामुळे ती घरी राहून आईवडिलांची सेवा आणि स्वयंपाकपाणी बघायची. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की खरकट्या पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यापेक्षा वेगळा वागतो. तिनं पत्र्याचं एक लांबट भांडं घेतलं, काठोकाठ पाणी भरलं, वर एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा थर दाबला जातो, मागे घेतली की सैल होतो. आणि दर वेळी पाण्याचा ताण किती बदलला, ते ती मोजायची.

जानेवारी १८९१ मध्ये तिनं रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले यांनी ते भाषांतर करून घेतलं, 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते तिच्या नावानं छापून आलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पातळ थर मोजायला जे यंत्र असतं, त्याचा मूळ आराखडा हाच: भांडं आणि सरकती पट्टी.

पुढे जनरल इलेक्ट्रिकमधले अर्विंग लँगमूर आले. १९१७ मध्ये त्यांनी एक प्रश्न सोडवला. वेगवेगळ्या लांबीचे तेलकट रेणू पाण्यावर दाबले, तर प्रत्येक रेणू जागा तेवढीच घेतो. लांबी वाढली तरी जागा का वाढत नाही? कारण रेणू आडवे पडलेले नसतात, उभे असतात! पाणी आवडणारं डोकं खाली पाण्यात, तेलकट शेपूट वर हवेत. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ मध्ये लँगमूर यांना नोबेल मिळालं.

अडवणं: कोजागिरीची गर्दी

आता दुसरं क्रियापद. थर पसरला हे ठीक, पण त्यातून पाण्याची वाफ जाते की अडते?

१९२५ मध्ये एरिक रिडियल यांनी दाखवलं की असे थर बाष्पीभवन कमी करू शकतात. १९४३ मध्ये लँगमूर आणि व्हिन्सेंट शेफर यांनी दाबलेल्या थरांमधून पाणी किती वेगानं जातं ते मोजलं. निष्कर्ष असा की नुसता थर असून भागत नाही, तो गच्च हवा.

हे समजायला आमच्या गावचंच चित्र घ्या. कोजागिरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला लाखो भाविक चालत जातात, तामलवाडीवरूनच. त्या रात्री रस्त्यावर माणसं खांद्याला खांदा लावून असतात. अशा गर्दीतून आडवी मोटरसायकल काढून दाखवा! जमणार नाही. तीच माणसं एरवी पाच-पाच फुटांवर उभी असती तर गाडी आरामात निघाली असती.

सिटाइल अल्कोहोलचा रेणू म्हणजे सोळा कार्बनची सरळ साखळी. असे सरळ रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की कोजागिरीची गर्दी तयार होते. पाण्याचा रेणू खालून वर यायला बघतो, त्याला फट सापडत नाही. साखळी वाकडी असली, मध्ये फांदी असली किंवा भेसळ असली की गर्दी सैल पडते आणि वाफ सुटते.

१९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफील्ड यांनी हा प्रयोग प्रयोगशाळेतून उचलून उघड्या जलाशयांवर नेला. कोरडा देश, उघडी तळी, तापलेलं ऊन. आपल्यासारखंच दुखणं. तिथून ही कल्पना जगभर गेली आणि पुण्यातही आली.

पुण्यातली मोजणी

पुण्यात पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली. देश नवा, धरणं बांधायचा काळ. धरण बांधायचं तर त्यातलं पाणी उडून जाणार हा प्रश्न ओघानं येतोच.

एनसीएलमध्ये ए. व्ही. देव, एस. बी. कुलकर्णी, एम. के. घारपुरे आणि ए. बी. बिस्वास या चौघांनी १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री'त एक शोधनिबंध छापला. विषय ऐकायला रुक्ष वाटेल: हे पदार्थ पाण्यावर किती वेगानं पसरतात आणि पसरून किती दाब तयार करतात. पण आपल्या शेततळ्याच्या दृष्टीनं प्रश्न नेमका हाच आहे. सिटाइल अल्कोहोल घन आहे. त्याचे पापुद्रे पाण्यावर टाकले तर त्यातून रेणू सुटून पसरायला वेळ लागतो. वाऱ्यानं थर फाटला की भोक बुजवायला नवे रेणू पटकन धावून यायला हवेत. तो वेग कमी पडला तर गर्दीत फट तशीच राहते.

पुण्याच्या मंडळींनी साध्या अल्कोहोलच्या शेजारी आणखी एक कुटुंब मोजायला घेतलं: अल्कॉक्सी इथेनॉल. यात शेपूट तीच सरळ, पण डोक्याला पाणी आवडणारा एक जास्तीचा तुकडा जोडलेला. शेपटीनं अडवायचं, डोक्यानं पाणी धरायचं. बाष्पीभवन रोखण्यासाठी भारतात पुढे जी चर्चा झाली, त्यात अल्कॉक्सी इथेनॉल हा आपला पर्याय म्हणून पुढे आला.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला या कामात एक ओळखीची गोष्ट दिसते. जगभर चाललेलं सोल्यूशन त्यांनी जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलं नाही. अडतंय कुठे ते आधी मोजलं आणि तेवढाच भाग बदलून पाहिला. तेही मराठवाडा-सोलापूरच्या दुष्काळाचं पाणी जिथून दिसतं त्या पुण्यात, साठ वर्षांपूर्वी.

टिकणं: वारा सगळ्यांचा बाप

मग घोडं अडलं कुठे?

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात लेक हेफनर नावाच्या मोठ्या तलावावर उन्हाळाभर हा थर पसरवून मोजमाप झालं. प्रयोगशाळेत निम्म्याहून जास्त बचत दाखवणाऱ्या थरानं तिथे किती पाणी वाचवलं? साधारण ९ टक्के.

बाकीची बचत वाऱ्यानं नेली. थर पाण्याला खिळ्यानं ठोकलेला नसतो, तो वाऱ्याबरोबर सरकतो. जोराचा वारा सुटला की सगळा थर एका काठाला जाऊन गोळा होतो आणि बाकीचं तळं उघडं पडतं. शिवाय पाण्यातले जिवाणू हे तेलकट रेणू खातात, वरून धूळ पडते, लाटांनी थर मोडतो. म्हणून कागदावर २ ग्रॅम पुरतात, पण प्रत्यक्षात ते पुन्हा पुन्हा टाकत राहावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. बाष्पीभवन म्हणजे पाण्याला घाम येणं. घाम आला की अंग गार होतं. थरानं घाम अडवला की पाणी थोडं तापतं. मग थर जिथे फाटतो तिथून ते तापलेलं पाणी जास्त जोरानं उडतं. वाचवलेलं थोडं परत जातं.

आता डोळ्यासमोर आपला भाग आणा. धाराशिव जिल्ह्याच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पवनचक्कीला जो वारा लागतो तोच या थराचा शत्रू. ज्या मुलखात पाणी सगळ्यात जास्त उडतं, तिथेच थर टिकणं सगळ्यात अवघड.

सिलिकॉनची एन्ट्री

इथे गोष्टीत नवीन पात्र येतं. आधी एक घोळ मिटवू. मोबाइलच्या चिपमध्ये असतं ते सिलिकॉन हे मूलद्रव्य. फोनच्या मऊ कव्हरमध्ये असतं ते सिलिकोन. मराठीत आपण दोन्हीला सरसकट सिलिकॉन म्हणतो आणि मीही पुढे बोलीत तेच म्हणणार आहे, पण यापुढे विषय दुसऱ्याचा.

त्याचा कणा कार्बनचा नसतो. सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन अशी साखळी, म्हणजे वाळूत असतात तीच दोन मूलद्रव्यं. आणि त्या साखळीला बाजूनं मिथाइल नावाचे छोटे तेलकट गट लटकलेले. सगळ्यात साध्या प्रकाराचं नाव पॉलिडायमिथाइल सिलोक्सेन, थोडक्यात पीडीएमएस.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग यांनी या रसायनांवर जवळपास चाळीस वर्षं काम केलं. सिलिकोन हे नाव त्यांचंच. पण प्रयोगात हाती येणारे चिकट गोळे त्यांना निरुपयोगी वाटायचे. उतारवयात, १९३० च्या दशकात, या विषयाला फारसं भविष्य नाही असंच त्यांचं मत होतं. काही वर्षांतच अमेरिकेत कॉर्निंग कंपनीचे फ्रँकलिन हाइड आणि जनरल इलेक्ट्रिकचे यूजीन रोचो यांनी त्याच गोळ्यांचा उद्योग करून दाखवला. रोचो यांनी १९४० मध्ये मिथाइल क्लोराइड वायू तांबं मिसळलेल्या तापलेल्या सिलिकॉनवरून सोडून हा माल स्वस्तात करायची रीत काढली. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली, कारण युद्धातल्या विमानांना उष्णता आणि ओल सहन करणारं साहित्य हवं होतं.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतले फॉक्स, टेलर आणि झिस्मन यांनी हे सिलिकॉन तेल पाण्यावर पसरवून मोजलं. सरकती पट्टी होतीच, पॉकेल्सबाईंची!

पसरण्यात सिलिकॉन अव्वल निघतं. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ एकक, सिलिकॉन तेलाचा २० च्या आसपास. एवढा फरक असल्यावर थेंब पाण्यावर पडताच धावत सुटतो. वर ते द्रव असल्यामुळे थर फाटला तरी पटकन भोक बुजतं. जिवाणूंनाही ते सहजासहजी पचत नाही. म्हणजे पसरण्यात पास आणि टिकण्यातही अल्कोहोलपेक्षा बरं. मग शेततळ्यासाठी हेच वापरूया की?

इथेच फसगत आहे. सिलिकॉनची साखळी ताठ उभी राहत नाही. पाण्यावर जागा मोकळी असेल तर ती दोरीसारखी आडवी पडते, ऑक्सिजन पाण्याकडे आणि मिथाइल गट हवेकडे. दाबलं तर ती वळकटी घेते. ती वळकटी स्प्रिंगसारखी असते की नुसत्या घड्या असतात, यावर शास्त्रज्ञांचा पुढे बराच वाद झाला. पण कोजागिरीची गर्दी तिच्यात होत नाही, एवढं नक्की. सैल दोऱ्यांच्या जाळीतून पाण्याची वाफ बिनधास्त निघून जाते.

किंबहुना सिलिकॉनची ख्यातीच वायू आरपार जाऊ देण्याची आहे. डोळ्यात घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन मिसळतात, ते डोळ्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून. जो गुण डोळ्याला वरदान आहे, तोच शेततळ्याच्या उपयोगाचा नाही.

थोडक्यात, जे अडवतं ते नीट पसरत नाही आणि टिकत नाही. जे पसरतं आणि टिकतं ते एका रेणूच्या थरात अडवत नाही. पाण्यावर चकचकीत, सलग थर दिसतोय म्हणजे पाणी वाचतंय, असं डोळ्याला वाटतं. पण सलग दिसणं वेगळं आणि वाफ अडणं वेगळं.

जिथे नुसतं पसरणं पुरतं

मग सिलिकॉनचा थर फुकट गेला का? मुळीच नाही. जिथे पसरणं एवढंच काम आहे तिथे तो राजा आहे.

गुऱ्हाळात काहिलीतला रस उतू जायला लागला की वरून थोडं तेल सोडतात, फेस बसतो. कारखान्यांमध्ये हेच काम थेंबभर सिलिकॉन करतं. फेसाच्या पडद्यावर ते पसरतं आणि पडदा फाटतो. तुमच्या घरातल्या ॲसिडिटीच्या गोळीचं वेष्टन बघा, त्यावर 'सिमेथिकोन' असेल. तेही सिलिकॉनच, पोटातल्या गॅसचे बुडबुडे फोडायला.

दुसरं काम डासांचं. डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा घेते. पृष्ठताण कमी केला की तिला तिथे टिकून श्वास घेता येत नाही. मुंबईतल्या मलेरियावर चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये आला, तेव्हा शहरातल्या विहिरी हा डासांचा मोठा अड्डा असल्याचं पुढे आलं. त्या काळी साठलेल्या पाण्यावर रॉकेल किंवा तेल टाकणं हा सर्रास उपाय होता. अलीकडे ऑस्ट्रेलियात बाष्पीभवन कमी करण्यासाठी म्हणून बनवलेलं एक सिलिकॉन द्रव डासांच्या अळ्यांवर जबर चालतं असं दिसलं. आता ते डासांसाठीच जास्त ओळखलं जातं आणि केनियातल्या भातखाचरांत त्याच्या चाचण्याही झाल्या. पाणी वाचवायला आलेला माणूस डास मारायच्या नोकरीला लागला म्हणा ना!

घन पृष्ठभागावर थर खिळतो

टिकण्याचा प्रश्न कुठे सुटला ते बघायचं असेल तर पाणी सोडून काचेकडे या.

लँगमूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी पाण्यावरचे थर काचेवर एकावर एक उचलून घेण्याची रीत बसवली. १९३८ मध्ये त्यांनी ४४ थरांची अशी काच दाखवली की तिच्यावरून प्रकाश जवळजवळ परावर्तित व्हायचाच नाही. तुमच्या मोबाइल कॅमेऱ्याच्या भिंगावर जो परावर्तन कमी करणारा लेप असतो, त्याच्या पूर्वजांपैकी ही एक काच.

त्याच कंपनीतल्या विन्टन पॅटनोड यांनी १९४२ च्या पेटंटमध्ये आणखी सोपी रीत सांगितली. क्लोरोसिलेन नावाच्या रसायनाची वाफ काचेवर किंवा चिनीमातीवर सोडायची. ती पृष्ठभागाशी रासायनिक बंध करते आणि मागे सिलिकॉनचा अदृश्य थर राहतो. त्यावर पाणी ठरत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखं घरंगळतं.

इथे वारा काही करू शकत नाही, कारण रेणू खरोखरच खिळलेले आहेत. फोनच्या स्क्रीनवर बोटाचे डाग कमी पडावेत म्हणून जो लेप असतो, तोही याच घराण्यातला: सिलिकॉनचा पाय काचेत रोवलेला आणि वर फ्लोरिनची शेपूट. वर्ष-दोन वर्षं बोट घासून घासून तो झिजतो, म्हणून जुन्या फोनवर डाग जास्त दिसतात.

विजेच्या उच्चदाब तारांवरच्या सिलिकॉन रबरी इन्सुलेटरची तर कमालच आहे. त्यावर धूळ बसली की रबरातले छोटे, सुटे सिलिकॉन रेणू हळूहळू धुळीवर चढतात आणि धुळीलाही पाणी न धरणारी करतात. पसरण्याचा जो गुण शेततळ्यावर अपुरा पडला, तो इथे लाइन ट्रिप होण्यापासून वाचवतो.

पण टिकण्याची किंमतही असते. जे लवकर कुजत नाही ते निसर्गात साठू शकतं. सिलिकॉन उद्योगातल्या डी-४ आणि डी-५ या गोलाकार रेणूंवर युरोपीय संघानं याच काळजीपोटी २०२० पासून मर्यादा घातली: धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत ०.१ टक्क्यापेक्षा कमी. पिण्याच्या पाण्यावर काहीही ओतण्याआधी 'हे टिकतं' या वाक्याकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं.

मग आपल्या ७,२०० लिटरचं काय?

समजा उद्या गावात कुणी कॅन घेऊन आलं आणि म्हणालं, 'हे टाका, बाष्पीभवन बंद!' तर तीन प्रश्न विचारा. एक, वारा असताना हे किती वेळ सलग राहतं? दोन, वाफ किती अडते, आणि ती मोजली कुठे, बादलीत की आपल्यासारख्या उघड्या तळ्यावर? तीन, किती दिवसांनी पुन्हा टाकायचं, आणि टाकलेलं शेवटी जातं कुठे? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर भारी असणं पुरेसं नाही, तिन्ही लागतात. वाऱ्याचा आडोसा असलेल्या छोट्या पाण्यावर, टंचाईच्या मोजक्या आठवड्यांसाठी, हा थर रोज नीट सांभाळला तर उपयोगी पडू शकतो. अख्ख्या धरणाची वार्षिक सोय म्हणून तो कुणी विकत असेल, तर लेक हेफनरचे ९ टक्के आठवा.

दरम्यान, घन पृष्ठभागाचा धडा वापरता येतोच. लॉस एंजेलिसनं २०१५ मध्ये एका जलाशयावर ९.६ कोटी काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात २०१२ मध्ये कालव्यावरच सौर पॅनल बसवले, वीजही आणि सावलीही. आपल्या शेततळ्यावर शेडनेट टाकणं हे त्याच जातीचं काम.

आणि सगळ्यात स्वस्त उत्तर भूमितीत आहे. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात २,७०० घनमीटर पाणी मावतं (हिशोब सोपा ठेवायला भिंती सरळ धरल्यात). तेवढंच पाणी ३० बाय १५ मीटर आणि ६ मीटर खोल तळ्यात मावतं. पृष्ठभाग निम्मा, म्हणजे उडणारं पाणीही निम्मं: दिवसाला ३,६०० लिटर. खोदाईचा खर्च वाढतो, काठ ढासळू नये म्हणून उतार द्यावा लागतो आणि पक्कं कुंपण तर हवंच हवं. पण ही बचत वाऱ्यानं उडत नाही, जिवाणू खात नाहीत आणि सोमवारी सकाळी पुन्हा टाकावी लागत नाही.

एनसीएलच्या त्या चौघांच्या निबंधाचं मोल माझ्या लेखी आजही कमी होत नाही. एक रेणू जाडीचा थर काय करू शकतो आणि काय नाही, हे मोजून ठेवलेलं असलं की कॅन विकणाऱ्यासमोर आपण नुसते हात जोडून उभे राहत नाही.

तुमच्या गावात शेततळं असेल तर येत्या उन्हाळ्यात एक काम करा. काठावर खुणा केलेली पट्टी रोवा आणि मोटर बंद असलेल्या चार-पाच दिवसांत पाणी किती मिलिमीटर उतरतं ते लिहून ठेवा. मग लांबी-रुंदीनं गुणा. येणारा आकडा कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. आपण सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पाणी जपा!